शाळा चार दिवसांची होणार? होकार-नकार ठरवण्याआधी घरी करायचे हिशेब

अमेरिकेत चार दिवसांचा शाळेचा आठवडा आता लांबच्या शेती-कुरणांच्या गावांपुरता राहिलेला नाही. कोलोरॅडोत निम्म्याहून जास्त डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या-त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, चार दिवसांवर आहेत. डेन्व्हरजवळच्या ब्रायटनच्या २७-जे डिस्ट्रिक्टने २०१८ मध्ये आणि मिझुरीतल्या इंडिपेंडन्सने २०२३ मध्ये सोमवारची शाळा बंद केली. या दोन्ही डिस्ट्रिक्टमध्ये हजारो मुलं आहेत. त्यामुळे तुमच्या डिस्ट्रिक्टकडूनही एक दिवस तसा सर्व्हे येऊ शकतो. त्याला उत्तर द्यायला आठ-दहा दिवस मिळतात, आणि घरात एकाला वाटतं लांब वीकेंड मिळाला, तर दुसऱ्याला वाटतं मुलांचं वाटोळं झालं.

दोघांनीही मत बनवायची घाई करू नये. सर्व्हेबरोबर येणाऱ्या पत्रकात दोन गोष्टी हमखास मोघम असतात: वर्षाचे शिकवण्याचे तास किती घटणार, आणि पाचव्या दिवशी तुमचं मूल कुठे असणार. पहिलीचं उत्तर डिस्ट्रिक्टच्या कागदांतून मिळतं, दुसरीचं तुम्हालाच काढावं लागतं.

तासांचा हिशेब

चार कागद लागतील: चालू वर्षाचं कॅलेंडर आणि बेल शेड्यूल (रोजच्या तासांच्या वेळा), तसंच प्रस्तावित वर्षाचं कॅलेंडर आणि बेल शेड्यूल. प्रस्तावित बेल शेड्यूल वेबसाइटवर नसेल तर ईमेल करून मागा. ते अजून तयारच नाही असं उत्तर आलं, तर डिस्ट्रिक्टने तासांचा विचार शेवटी ठेवलाय असं समजायला हरकत नाही.

एक उदाहरण घेऊ. सध्या शाळा ८:१० ते ३:१०, म्हणजे सात तास. जेवणाचा अर्धा तास वजा केला की राहिले ३९० मिनिटं. वर्षाचे दिवस १७४. गुणाकार ६७,८६० मिनिटं, म्हणजे १,१३१ तास. प्रस्तावात शाळा ७:५० ते ३:४०, जेवण वजा जाता ४४० मिनिटं, दिवस १४६. गुणाकार ६४,२४० मिनिटं, म्हणजे १,०७० तास ४० मिनिटं. फरक ६० तास २० मिनिटांचा. सध्याच्या मापाने मोजलं तर वर्षाकाठी सव्वानऊ दिवसांची शाळा गेली. 'दिवस ५० मिनिटांनी वाढवून भरपाई केली आहे' हे वाक्य कितीही खरं असलं तरी भरपाई पूर्ण झालेली नाही.

हे आकडे उदाहरणापुरते असले तरी वास्तवापासून दूर नाहीत. रँड या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार दिवसांच्या शाळांचं वर्ष सरासरी १४८ दिवसांचं निघालं. दिवस सुमारे ५० मिनिटांनी मोठा असूनही वर्षाला ५८ तास कमीच पडत होते.

इथे डिस्ट्रिक्टचं ठरलेलं उत्तर येतं: आम्ही राज्याची किमान मर्यादा पाळतोय. ते खरंच असतं. मिझुरीत ही मर्यादा १,०४४ तास आहे, कोलोरॅडोत माध्यमिक वर्गांसाठी १,०८० तास, टेक्सासमध्ये ७५,६०० मिनिटं. पण पाच दिवसांच्या शाळा बहुधा या किमान रेषेच्या बऱ्याच वर चालत असतात. चार दिवसांवर येताना ती वरची शिल्लक खर्च होते आणि कायदा मोडत नाही. शिवाय कोणतं राज्य काय मोजतं यातही फरक आहे. टेक्सासच्या मिनिटांत मधली सुट्टी आणि रिसेस म्हणजे खेळाची सुट्टीही धरलेली असते. म्हणून राज्याच्या आकड्याशी तुलना करू नका. तुमच्याच शाळेच्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी करा.

पुढची पायरी बहुतेक पालक गाळतात. एकूण तासांऐवजी विषयवार मिनिटं काढा, कारण वाढवलेली ५० मिनिटं कुठे गेली ते त्यातूनच कळतं. गणिताचा तास आधी ५० मिनिटांचा असेल तर आठवड्याला २५० मिनिटं. आता तो ५८ मिनिटांचा केला तर चार दिवसांचे २३२. आठवड्याला १८ मिनिटं गेली, ३६ आठवड्यांत जवळजवळ ११ तास. वाढीव वेळ ॲडव्हायझरी (मार्गदर्शनाचा तास) किंवा मोठ्या जेवणाच्या सुट्टीत गेला असेल तर गणिताचा खड्डा याहून मोठा. प्राथमिक वर्गांत बेल शेड्यूलवरून हे कळत नाही. तिथे शिक्षकांना थेट विचारा, वाचन आणि गणिताला रोज किती वेळ राहणार.

एक बारीक गोष्ट कॅलेंडरवर बोट ठेवून तपासा. शुक्रवार बंद असेल आणि सोमवारी लेबर डे, मार्टिन ल्यूथर किंग डे किंवा प्रेसिडेंट्स डे आला, तर त्या आठवड्यात शाळा तीनच दिवस की शुक्रवारी भरणार? बर्फामुळे बुडालेला दिवस पाचव्या दिवशी भरून काढणार का? काही डिस्ट्रिक्ट काढतात. मग तुम्ही त्या शुक्रवारी दातांच्या डॉक्टरची वेळ घेतलेली असते आणि शाळाही असते.

अभ्यास काय सांगतात

ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचे पॉल थॉम्पसन यांच्या ओरेगनवरच्या अभ्यासात तिसरी ते आठवीच्या मुलांचे गुण घटले, गणितात वाचनापेक्षा थोडे जास्त. पण त्यांच्याच नंतरच्या कामात एक महत्त्वाचा धागा आहे: ज्या शाळांनी शिकवण्याचे तास बऱ्यापैकी टिकवले तिथे ठळक घट दिसली नाही, तास तुटपुंजे ठेवले तिथे दिसली. वरचा हिशेब सगळ्यात आधी करायला सांगितला तो यासाठीच. संशोधक एमिली मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी सहा राज्यांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा खेड्यांपेक्षा छोट्या शहरांत आणि उपनगरांत नुकसान जास्त आढळलं. आपली बरीच मराठी मंडळी उपनगरांत राहते. तेव्हा मोंटॅनातल्या एखाद्या गावात सगळं सुरळीत चाललंय, ही बातमी तुमच्या कामाची नाही.

दुसरी बाजूही आहे. ओक्लाहोमाच्या हायस्कूलमध्ये मारामाऱ्या आणि दादागिरीचे प्रकार कमी झाले. रँडच्या अभ्यासात मुलं आणि पालक दोघांचीही पसंती चार दिवसांनाच भरभक्कम होती. लोकप्रियता आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घरातली कमी धावपळ हाही फायदाच आहे, तो हिशेबात धरा. कोलोरॅडोत मात्र चार दिवसांमुळे अल्पवयीनांच्या चोऱ्या वाढल्याचं एका अभ्यासात निघालं. मोकळा दिवस आणि घरात कोणी नाही, हे त्यामागचं कारण असावं.

सरासरी घट छोटी असते. तुमच्या मुलाला ती लागू होईलच असं नाही. जे मूल घरी आपणहून वाचतं आणि ज्याच्याजवळ शुक्रवारी मोठं माणूस असतं त्याला ती जाणवणारही नाही. वाचनात मागे असलेल्या दुसरीतल्या मुलाला मात्र आठवड्याचे तीन सलग दिवस शाळेविना जड जातात.

सकाळची घंटा

दिवस लांबवायचा तर शाळा एक तर उशिरा सोडायची किंवा लवकर भरवायची. बसच्या फेऱ्या आणि खेळांच्या सरावामुळे डिस्ट्रिक्टचा ओढा लवकर भरवण्याकडे असतो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१४ पासून मिडल स्कूल आणि हायस्कूल ८:३० च्या आधी भरवू नका असं सांगितलंय. शाळा ७:३० ला भरणार असेल आणि बस पावणेसातला येणार असेल, तर सहा वाजता उठावं लागेल. तेरा वर्षांवरच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, म्हणजे रात्री दहापर्यंत पाठ टेकायला हवी. आठवीतल्या मुलाच्या घरात हे जमतंय का, तुम्हीच सांगा. शुक्रवारी भरून काढू म्हणून झोप भरून निघत नाही. तीन दिवस उशिरा उठलेलं मूल सोमवारी अर्धवट झोपेतच वर्गात बसतं.

किंडरगार्टन आणि पहिलीच्या मुलांचा प्रश्न दुपारी आहे. शेवटच्या तासात त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही. त्या तासात वाचन-गणित ठेवलंय की संगीत आणि पीई (खेळ-व्यायाम), हे विचारून घ्या. चांगल्या शाळा ही अडचण ओळखून वेळापत्रक उलटं लावतात.

पाचवा दिवस: पैसे आणि माणसं

आधी मोजा की असे दिवस किती. ३६ आठवड्यांतून सुट्टीचे आणि शाळा भरणारे शुक्रवार वजा केले की साधारण ३० ते ३२ उरतात. दिवसाला ६० डॉलर धरले तर ३२ दिवसांचे १,९२० डॉलर, दोन मुलांचे ३,८४०. दर तुमच्या भागातला घाला. डिस्ट्रिक्ट स्वतः पाचव्या दिवशी मुलं सांभाळणार असेल तर दर, जागांची संख्या, वयोमर्यादा आणि बस आहे की नाही, हे चारही लेखी घ्या. बस नसेल तर तुम्हाला ऑफिसच्या दिवशी दोन फेऱ्या माराव्या लागणार. आफ्टर-स्कूल केअरचा रोजचा पाऊण तास वाचला तरी त्याची महिन्याची फी बहुधा तीच राहते, त्या बचतीवर विसंबू नका.

खासगी डेकेअरमध्ये आठवड्यातून एकच दिवस जागा मिळणं अवघड असतं. त्यांना पूर्ण आठवड्याची मुलं हवी असतात. निर्णय झाल्यावर अख्खं गाव एकाच दिवसाची जागा शोधायला निघतं. म्हणून डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डाचं मतदान होण्याआधीच दोन-तीन ठिकाणी वेटिंग लिस्टवर नाव टाका. डिपॉझिट परत मिळतं का तेवढं विचारा.

खर्च थोडा हलका करता येतो. डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं कंपनीमार्फतचं खातं, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या सांभाळासाठी वापरता येतं. त्याची घरटी वार्षिक मर्यादा ५,००० डॉलर होती, २०२६ पासून ती ७,५०० झाली आहे. सांभाळाचा खर्च वाढला तर वर्षाच्या मध्येही रक्कम बदलता येते, कंपनीच्या प्लॅनने तशी सोय ठेवलेली असली तर. पण त्यासाठी सहसा ३० दिवसांचीच मुदत असते. शाळा ऑगस्टमध्ये बदलते आणि लोकांना हे कंपनीच्या सोयी निवडायच्या नोव्हेंबरच्या मुदतीत आठवतं. एफएसएमधून भरलेल्या रकमेवर पुन्हा चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट ही करसवलत घेता येत नाही. आणि सांभाळणाऱ्याचा टॅक्स आयडी किंवा सोशल सिक्युरिटी नंबर लागतोच, तेव्हा 'रोखीत द्या, पावती नाही' म्हणणारी व्यक्ती दिसते तेवढी स्वस्त नसते.

पैसे न खर्चता भागवायचं तर चार कुटुंबांनी पाळी लावणं सगळ्यात टिकाऊ. प्रत्येक घराच्या वाट्याला चार शुक्रवारांतून एक येतो, वर्षाला साधारण आठ. आई-बाबांनी वाटून घेतले तर प्रत्येकी चार रजा. हे मोडतं ते बहुधा आजारपणामुळे, म्हणून पहिल्याच दिवशी दोन नियम ठरवा: ताप असलेलं मूल आपापल्या घरी, आणि ज्याची पाळी चुकली त्याने पुढच्या दोन आठवड्यांत ती भरून द्यायची. ॲलर्जी, औषधं आणि कोण घ्यायला येऊ शकतं याचा एक कागद प्रत्येक घरात हवा. पोहण्याचा तलाव असलेल्या घरी पाळी असेल तर ती गोष्ट आधीच बोलून घ्या, संकोच नको.

आपल्याकडच्या दोन सोयींबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) घरी असलेल्या आईने किंवा बाबांनी शेजारच्या मुलांना पैसे घेऊन सांभाळणं म्हणजे वर्क परमिटशिवाय काम करणं. हातात ईएडी, म्हणजे ते परमिट, नसेल तर या वाटेला जाऊ नका, रक्कम कितीही किरकोळ असो. दुसरी सोय आजी-आजोबांची. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो, शाळेचं वर्ष मात्र नऊ-दहा महिन्यांचं. ऑक्टोबरात आलेली आजी मार्चअखेर परत जाते आणि एप्रिल-मेचे आठ-नऊ शुक्रवार उघडे पडतात. आजींना इथे गाडी चालवता येत नसेल, तर मुलं दिवसभर घरात कोंडली जाणार हेही धरा. त्यांच्या येण्याचा आनंद वेगळा, पण वर्षाचं नियोजन त्यांच्यावर उभं करू नका.

मूल एकटं घरी राहू शकतं का? बऱ्याच राज्यांच्या कायद्यात ठरावीक वय नाही. ओरेगनच्या कायद्यात दहा वर्षांखालच्या मुलांचा उल्लेख आहे. वयापेक्षा कसोटी लावा: दार कोणासाठी उघडायचं नाही हे माहीत आहे का, गॅसला हात न लावता जेवता येतं का, ९११ वर पत्ता सांगता येतो का. आधी दोन तास, मग चार, असं वाढवत न्या. थेट आठ तासांवर उडी नको.

त्या दिवशी काय करायचं

'शुक्रवारी कुमॉन (गणिताची शिकवणी) लावलं की झालं' हा आपला आवडता तोडगा. तो अगदीच वाईट नाही, पण शाळेतून गेलेला वेळ फक्त गणिताचा नसतो. सकाळी नव्वद मिनिटं पुरे: ४० मिनिटं गणित, ३० मिनिटं वाचन, २० मिनिटं आठवड्यात अडलेलं काहीही. नाश्त्यानंतर लगेच आणि स्क्रीन सुरू होण्याआधी. दुपारवर ढकललं की होत नाही. घरात एकदा टीव्ही लागला की तो बंद करायला मोठं माणूस लागतं, आणि ते त्या वेळी मीटिंगमध्ये असतं.

शिक्षक चाचण्या गुरुवारी उरकतात आणि मग तीन दिवस खंड पडतो. रविवारी संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं गुरुवारची वही उघडून बघण्याचा नेम ठेवला तर सोमवारचा पहिला तास वाया जात नाही. डॉक्टर, दंतवैद्य, पासपोर्टची कामं, सगळं पाचव्या दिवसावर न्या. शाळेचा एकेक दिवस आता मोठा आहे, एक बुडाला की आधीपेक्षा जास्त बुडतं.

हायस्कूलमधली मुलं नोकरीचं विचारतील. संघीय नियमाप्रमाणे १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी ३ तास आणि शाळा नसलेल्या दिवशी ८ तास काम चालतं. पण शाळा चालू असलेल्या आठवड्याची मर्यादा १८ तासच राहते. शुक्रवारी आठ केले की बाकी दिवसांना दहाच उरले. राज्याचा नियम आणखी कडक असू शकतो.

आयईपी असेल तर

आयईपी म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेली योजना. ती असेल तर पुढचं काम सर्व्हेची वाट न पाहता करा. आयईपीत स्पीच थेरपी 'रोज ३० मिनिटं' असं लिहिलं असेल तर पाच दिवसांची १५० मिनिटं चार दिवसांत आपोआप १२० होतात आणि कोणी काही बोलत नाही. आठवड्याची मिनिटं म्हणून लिहून घ्या: १५० मिनिटं, म्हणजे चार सत्रं, प्रत्येकी साडेसदतीस मिनिटांची. कपात करायची असेल तर डिस्ट्रिक्टला आधी लेखी कळवावं लागतं आणि ती मुलाच्या गरजेवरून ठरते, वेळापत्रकाच्या सोयीवरून नाही. मीटिंग आत्ताच मागा आणि विनंती ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते. थेरपिस्ट चारच दिवस येणार असेल तर सत्रं एकमेकांवर चढणार, तेव्हा कोणत्या तासातून मुलाला बाहेर काढणार तेही ठरवून घ्या. गणिताच्या तासातून नको.

ज्या मुलांचा नाश्ता आणि जेवण शाळेत होतं, त्यांची वर्षाला सुमारे तीस दिवसांची दोन-दोन जेवणं जातात. गुरुवारी घरी न्यायला पाकिटं देणार का, हा प्रश्न तुमच्या घराला लागू नसला तरी मीटिंगमध्ये विचारा. ज्यांना लागू आहे ते सहसा उठून विचारत नाहीत.

बोर्डापुढे

पैसे वाचतील, हा मुद्दा ऐकून लगेच हरखू नका. पगार हा बजेटचा सगळ्यात मोठा हिस्सा आणि तो बहुतांशी तसाच राहतो. बचत होते ती बस, कॅफेटेरिया, वीज आणि बदली शिक्षकांवर. एज्युकेशन कमिशन ऑफ द स्टेट्स या संस्थेच्या २०११ च्या अहवालात जास्तीत जास्त शक्य बचत ५.४३ टक्के निघाली, प्रत्यक्षात झाली ०.४ ते २.५ टक्के. तीही बरीचशी बस ड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातल्या तासावर काम करणाऱ्यांच्या पगारातून. हल्ली खरं कारण शिक्षक टिकवणं हे असतं. ते रास्त आहे, पण शेजारचं डिस्ट्रिक्टही चार दिवसांचं झालं की तो फायदा वाटून जातो.

बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. नाव नोंदवायची वेळ अजेंड्यावर असते, कधी कधी दुपारीच बंद होते. तीन मिनिटांत भाषण नको, तुमचा तासांचा हिशेब छापून प्रत्येक सदस्याला द्या आणि एकच मागणी करा: तीन वर्षांनी फेरविचार, आणि कोणता आकडा किती घसरला तर पाच दिवसांवर परत जायचं ते आजच ठरावात लिहा. फेरविचाराची तारीख असते, निकष नसतात, अशा ठरावांतून माघार घेतली जात नाही. मिझुरीत २०२४ च्या कायद्यानुसार मोठ्या शहरांतल्या आणि चार्टर (स्वतःची सनद असलेल्या) काउंटींतल्या डिस्ट्रिक्टना मतदारांची मंजुरी लागते, तिथे मात्र लढाई मतपेटीत आहे.

घर विकायचा किंवा घ्यायचा विचार असेल तर हेही ध्यानात असू द्या: २७-जेच्या हद्दीतल्या घरांच्या किमती बदलानंतर आजूबाजूच्या मानाने २ ते ४ टक्के मागे पडल्या, असं एका अभ्यासात आढळलं.

ठराव झालाच, तर ऑगस्टमध्ये मुलाचे मॅप चाचणीचे (शाळेत वर्षातून दोन-तीनदा होणारी वाचन-गणिताची चाचणी) गेल्या दोन वर्षांचे शरद आणि वसंत ऋतूतले गुण एका कागदावर काढून ठेवा. आधीच्या वर्षांत शरदापासून वसंतापर्यंत किती वाढ व्हायची, तो आकडा तुमच्याकडे हवा. मे महिन्यात नवी वाढ त्याच्याशेजारी लिहा. ती एखाद-दोन गुणांनी कमी असेल तर चाचणीची चढउतार म्हणून सोडून द्या. निम्म्यावर आली असेल तर शिक्षकांशी लगेच बोला, आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये ओपन एनरोलमेंटची (बाहेरच्या मुलांना प्रवेश देण्याची) मुदत कधी संपते ते मात्र त्याच्या आधीच, डिसेंबरात बघून ठेवा. अनेक ठिकाणी ती मे उजाडेपर्यंत संपलेली असते.